ग्राइंडिंग व्हील आणि वेगाची मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या शेडमधला पेडस्टल (खांबावर उभा) ग्राइंडर, मांडवीकाठी बार्जच्या, म्हणजे सपाट मालवाहू बोटीच्या पत्र्यावर चालणारा हवेचा ग्राइंडर, खिडकीला ग्रील बसवणाऱ्याच्या हातातला चार इंची. मशीन वेगळं, काम वेगळं, पण व्हील (घासणारी दाणेदार चकती, पातळ असेल तर डिस्क) फुटण्याची कारणं बहुतेक तीच. ती एकेक करून इथे घेतली आहेत.

व्हीलवर छापलेला वेग म्हणजे नेमकं काय?

व्हीलवर सहसा दोन आकडे असतात. एक आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. दुसरा मीटर प्रति सेकंद, म्हणजे व्हीलची कड एका सेकंदात किती अंतर कापते. दोन्ही आकडे कमाल मर्यादेचे आहेत. ‘एवढ्या वेगाने चालवा’ असा त्यांचा अर्थ नाही, ‘याच्या वर कधीच जाऊ नका’ असा आहे.

हँड ग्राइंडरच्या कटिंग आणि ग्राइंडिंग डिस्कवर बहुधा ८० मीटर प्रति सेकंद लिहिलेलं असतं. म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. डिस्क फुटली तर कडेचा तुकडा याच वेगाने सुटतो, आणि तो कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्याशीच येऊन मिळतात. तो आकडा अखंड, कोरड्या, मुदतीतल्या आणि नीट बसवलेल्या व्हीलचा आहे. पडलेल्या, ओल धरलेल्या किंवा गंजलेल्या फ्लँजवर (व्हीलला दोन्ही बाजूंनी धरणारी धातूची चकती) आवळलेल्या व्हीलला तो लागू नाही. त्या व्हीलची खरी मर्यादा किती उरली आहे हे कुठेही छापलेलं नसतं.

मशीनचा कुठला आकडा त्याच्याशी ताडून बघायचा?

नेमप्लेटवरचा, लोड नसतानाचा आरपीएम. हँड ग्राइंडरची मोटर बहुधा कार्बन ब्रशची असते. कामाला टेकवली की ती मंदावते आणि उचलली की जोरात पळते. त्यामुळे व्हीलवर सर्वात जास्त ताण हवेत मोकळं फिरताना येतो. ‘कापताना कुठे एवढा स्पीड असतो’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा ठरतो.

नियम सोपा आहे: व्हीलवरचा आरपीएम मशीनवरच्या आरपीएमइतका किंवा त्याहून जास्त हवा. नेमप्लेट रंगाखाली गेली असेल किंवा गंजून वाचता येत नसेल, तर टॅकोमीटरने वेग मोजेपर्यंत त्या मशीनला व्हील लावू नका. प्रकाशाने मोजणारा टॅकोमीटर फार महाग नसतो. व्हील काढून ठेवा, स्पिंडलवर (व्हील बसतं तो फिरता दांडा) किंवा त्यावर घट्ट बसलेल्या फ्लँजवर चमकत्या पट्टीचा छोटा तुकडा चिकटवा, मशीन मोकळं चालवा आणि आकडा वाचा. मिळालेला आकडा पक्क्या रंगाने मशीनच्या अंगावर लिहून ठेवा.

मीटर प्रति सेकंदाचा हिशेब कारखान्यात उभ्या उभ्या कसा करायचा?

व्हीलचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा आणि १९,१०० ने भागा. उत्तर थेट मीटर प्रति सेकंद मिळतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम.

उदाहरणार्थ, १५० मिमीचं व्हील २,८५० आरपीएमवर: १५० गुणिले २,८५० भागिले १९,१००, म्हणजे सुमारे २२ मीटर प्रति सेकंद. बेंच ग्राइंडरच्या साध्या व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजलेल्या) व्हीलची मर्यादा सहसा ३५ असते, म्हणजे पुष्कळ जागा उरते.

८० मीटर प्रति सेकंदाच्या डिस्कसाठी कमाल आरपीएम साधारण असे येतात:

१०० मिमी (चार इंची): १५,३००
११५ मिमी: १३,३००
१२५ मिमी (पाच इंची): १२,२००
१८० मिमी (सात इंची): ८,५००
२३० मिमी (नऊ इंची): ६,६५०
३५५ मिमी (चौदा इंची): ४,३००

छापील आकडा कंपनीनुसार पन्नास-शंभरने इकडेतिकडे असेल. डिस्कवर जो असेल तोच धरा.

मर्यादेपेक्षा थोडासा वेग जास्त झाला तर एवढं काय बिघडतं?

फिरताना व्हीलचा प्रत्येक कण बाहेर पळायला बघतो आणि बाँड, म्हणजे कण जोडणारा पदार्थ, त्याला धरून ठेवतो. हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग १० टक्के वाढला तर ताण २१ टक्के वाढतो, वेग २० टक्के वाढला तर ताण ४४ टक्के, आणि वेग दुप्पट झाला तर ताण चौपट. त्यामुळे कानाला ‘जरा जोरात फिरतंय’ एवढंच वाटतं, पण व्हीलच्या आत फार मोठा फरक पडलेला असतो.

हा ताण मधल्या भोकाच्या कडेला सर्वाधिक असतो. म्हणून जास्त वेगाने फुटणारं व्हील बहुतेकदा भोकापासून कडेपर्यंत चिरत जातं आणि त्याचे मोठे त्रिकोणी तुकडे होतात. पावाचा कोपरा मोडावा तसा कडेचा लहानसा टवका उडणं वेगळं. तिथे बहुधा अडकणं किंवा आदळणं हे कारण असतं.

‘गेले सहा महिने असंच चालवतोय, काही झालं नाही’ हे आम्ही नेहमी ऐकतो. व्हील बनवणारे सुरक्षिततेसाठी थोडी जास्त ताकद राखून ठेवतात, आणि ते सहा महिने त्या राखीव ताकदीवर निघालेले असतात. ती ताकद अपघातासाठी ठेवलेली आहे, रोजच्या कामात खर्चायला नव्हे.

चार इंची ग्राइंडरला गार्ड काढून सात इंची डिस्क लावली तर? खोल कापायला बरी पडते.

लावू नका. चार इंची ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो. त्यावर १८० मिमीची डिस्क चढवली की कडेचा वेग सुमारे १०४ मीटर प्रति सेकंद होतो. मर्यादा ८०. ताण जवळजवळ ६८ टक्के जास्त, आणि तोसुद्धा गार्ड काढल्यावर.

दुसरा घोटाळा भोकाचा. १०० मिमीच्या डिस्कचं भोक बहुधा १६ मिमी असतं, ११५ पासून २३० पर्यंतच्या डिस्कचं २२.२३ मिमी. मोठ्या भोकाची डिस्क बारक्या स्पिंडलवर बसवायला पत्र्याची पट्टी किंवा टेप गुंडाळतात. मग डिस्क मध्यावर बसत नाही, फिरताना धडधडते आणि नट सैल होतो. उलट बाजूने १६ मिमीचं भोक कानसून मोठं केलं तर मधली धातूची रिंग आणि आतली काचधाग्यांची जाळी तुटते. ताण सर्वात जास्त असतो नेमक्या त्याच जागी डिस्क दुबळी होते. लाकूड कापायचं दातेरी पातं हँड ग्राइंडरला लावणं हा तर आणखी वाईट प्रकार. पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळून मांडीवर किंवा गळ्याकडे येतं.

खोल कापायचं असेल तर सात किंवा नऊ इंची मशीन आणा. दिवसाच्या भाड्याने मिळतं.

नऊ इंची डिस्क झिजून पाच इंच उरली. ती पाच इंची ग्राइंडरवर संपवू का?

हा प्रश्न कसाला लागतो, कारण हिशेब केला तर कडेचा वेग मर्यादेत येतो: १२५ गुणिले ११,००० भागिले १९,१००, म्हणजे ७२. तरीही नाही. डिस्कवर ६,६५० आरपीएम छापलं आहे आणि ती ११,००० वर फिरणार. मधला भाग त्या फेऱ्यांसाठी तपासलेला नाही. आत घातलेली काचधाग्यांची जाळी झिजलेल्या कडेला उघडी पडलेली असते, आणि जुन्या डिस्कने किती धक्के खाल्ले हे बघून कळत नाही. उरलेल्या डिस्कची किंमत किती, हे मनाशी एकदा जोखून बघा.

बेंच ग्राइंडरला आठऐवजी दहा इंची व्हील बसवलं तर पाडेल्यांचे (नारळ काढणाऱ्यांचे) कोयते लवकर होतात. चालेल का?

आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर साधारण २,८५० आरपीएमने फिरते. त्यावर २०० मिमीच्या व्हीलची कड सुमारे ३० मीटर प्रति सेकंदाने जाते, ठीक आहे. २५० मिमी बसवलं की ३७ होते. व्हील ३५ चं असेल तर मर्यादा ओलांडली. ३५ मीटर प्रति सेकंदाच्या २५० मिमी व्हीलला २,६७० च्या वर फिरवता येत नाही. त्यात गार्ड आठ इंचाचा, त्यामुळे दहा इंची बसवायला तो काढावाच लागतो. गार्ड आड येतोय, याचा अर्थच व्हील त्या मशीनचं नाही.

कोयता लवकर होत नसेल तर बहुधा व्हील गुळगुळीत झालेलं असतं. ड्रेसर (व्हीलचं तोंड खरवडायचं हत्यार) फिरवून नवे दाणे उघडे करा. अर्धं काम तिथेच होतं.

आमचा पेडस्टल ग्राइंडर पट्ट्यावर चालतो. पुली बदलली तर काय बघायचं?

हे सर्वात जास्त बघायला हवं आणि सर्वात कमी बघितलं जातं. स्पिंडलचा आरपीएम म्हणजे मोटरचा आरपीएम गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास भागिले स्पिंडलच्या पुलीचा व्यास. मोटर १,४४० ची, तिच्यावर १५० मिमीची पुली, स्पिंडलवर ७५ मिमीची: स्पिंडल २,८८० ने फिरतो. त्यावर ३०० मिमीचं व्हील असेल तर कड ४५ मीटर प्रति सेकंदाने धावते. ३५ च्या व्हीलवर हा ताण दोन तृतीयांश जास्त झाला.

ठरलेला घटनाक्रम असा. व्हील झिजून ३०० चं २०० मिमी होतं. कडेचा वेग उतरतो, कापणं मंदावतं. कुणीतरी पुली बदलून वेग वाढवतो. त्या व्हीलपुरतं ते चालून जातं. मग व्हील संपतं, दुसऱ्या पाळीचा माणूस नवं कोरं ३०० मिमीचं व्हील बसवतो, आणि पुली बदलल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्याच मिनिटाला व्हील फुटतं. इन्व्हर्टर ड्राइव्ह (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावलेल्या मशीनवर हाच प्रकार बटण फिरवून होतो. ५० हर्ट्झवरून ७० वर नेलं की ताण जवळपास दुप्पट.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम ३० ने नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ कायमची सूचना हवी होती: व्हीलच्या कडेचा कमाल सुरक्षित वेग, स्पिंडलचा वेग आणि तो राखायला लागणारा पुलीचा व्यास. पुलीचा उल्लेख त्या कायद्यात उगाच आलेला नव्हता. पत्र्यावर रंगाने लिहिलेली तीन ओळींची पाटी या कामाला पुरते. इन्व्हर्टर असेल तर त्यात कमाल हर्ट्झ कुलूपबंद करून ठेवा, आणि व्हील झिजल्यावर वेग वाढवलाच असेल तर नवं व्हील चढवण्याआधी तो खाली आणणं ही मुकादमाची जबाबदारी ठरवून द्या.

डिस्कवरची रंगीत पट्टी कशाची?

वेगाची. युरोपीय पद्धतीत निळी ५० मीटर प्रति सेकंद, पिवळी ६३, लाल ८०, हिरवी १००. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या कटरला बहुधा १०० ची डिस्क लागते. तिथे चॉप सॉची (लोखंड कापायचं बैठं मशीन) ८० ची चौदा इंची डिस्क लावू नका. भोक जुळलं तरी नाही. सगळ्याच कंपन्या पट्टी छापत नाहीत, म्हणून पट्टीपेक्षा आकडा प्रमाण माना. आकडाच नसलेली डिस्क विकत घेऊ नका.

पावसाळ्यात व्हील खराब होतात का?

होतात. गोव्यात हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर ठेवायला हवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला लागतात आणि त्यांच्या डागडुजीची घाई याच दिवसांत असते. म्हणजे ग्राइंडरचं काम जोरात आणि हवेतली ओल ८० टक्क्यांच्या वर, दोन्ही एकाच वेळी.

हँड ग्राइंडरच्या डिस्क रेझिन (राळेच्या) बाँडच्या असतात. ओल रेझिन आणि दाण्यांच्या मधे शिरते, जाळीपर्यंत पोचते आणि पकड ढिली करते. वरून काहीच दिसत नाही. लेबल कोरं करकरीत, आकडा तोच. डिस्क मात्र लवकर झिजते, कडा भुगा होऊन गळतात, आणि ज्या वेगाला ती पहिल्या दिवशी पुरून उरली असती त्या वेगाला आता पुरत नाही. उन्हात वाळवून किंवा वेल्डिंग इलेक्ट्रोडच्या ओव्हनमध्ये घालून गेलेली ताकद परत येत नाही. उलट पातळ डिस्क वाकते.

काय करायचं: एक मिमीच्या डिस्क बऱ्याचदा पत्र्याच्या सीलबंद डब्यात येतात, तो डबा लागेल तेव्हाच फोडा. उरलेल्या डिस्क घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की पुडी बदला. डबा चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात चिरा ओल शोषून घेतो आणि आत सोडत राहतो. जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून वीतभर दूर एवढं पुरे. पातळ डिस्क आडव्या, सपाट पत्र्यावर, वर सपाट वजन ठेवून रचा. जाड व्हील उभी, लोळणार नाहीत अशा कप्प्यात. बार्जवर किंवा पडावात काम असेल तर त्या दिवसापुरत्याच डिस्क सोबत न्या. गोणपाटाखाली रात्रभर राहिलेली डिस्क दुसऱ्या दिवशी वापरू नका.

डिस्क वाकली आहे का हे बघायला ती काचेवर ठेवून बोटाने दाबा. डुगडुगली की बाद.

मधल्या रिंगवर कोरलेली तारीख कशाची?

रेझिन डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर बहुधा महिना आणि वर्ष असतं. ती वापरायची अंतिम मुदत. युरोपीय मानक ईएन १२४१३ प्रमाणे ती उत्पादनापासून जास्तीत जास्त तीन वर्षं असते. ‘०४/२०२७’ असेल तर त्यानंतर ती डिस्क कापायला नाही. दुकानात घेताना रिंग वाचा, आणि कपाटात जुना माल पुढे, नवा मागे. व्हिट्रिफाइड व्हीलला अशी ठराविक मुदत नसते, त्यांची परीक्षा आवाजाने घ्यायची.

ती आवाजाची परीक्षा कशी घ्यायची?

म्हापशाच्या बाजारात मडकं घेताना टिचकी मारून बघतात, तीच. व्हिट्रिफाइड व्हीलसुद्धा भट्टीत भाजलेलंच असतं.

व्हील कोरडं आणि स्वच्छ हवं, भुसा किंवा धूळ चिकटलेली नको. लहान व्हील भोकात बोट किंवा गोल दांडी घालून लटकवा. मोठं आणि जड व्हील स्वच्छ, टणक जमिनीवर उभं धरा. स्क्रू ड्रायव्हरची लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ घ्या, लोखंडी हातोडी नको. मध्यातून वर जाणारी उभी रेघ मनात धरा. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिमी आत, हलकेच ठोका. मग व्हील फिरवून खालचा भाग वर आणा आणि पुन्हा ठोका. अखंड व्हील स्वच्छ, लांबणारा ‘टण्ण’ आवाज देतं. भेग असेल तर आवाज मेलेला, ‘थड’ असा येतो आणि लगेच विरतो.

ही परीक्षा फक्त व्हिट्रिफाइडची. रेझिन आणि रबर बाँडची व्हील चांगली असली तरी आवाज बोदाच देतात. व्हीलवरच्या खुणेतलं शेवटाकडचं अक्षर बघा: ‘व्ही’ म्हणजे व्हिट्रिफाइड, ‘बी’ म्हणजे रेझिन, ‘बीएफ’ म्हणजे जाळीचं रेझिन, ‘आर’ म्हणजे रबर. परीक्षा दुकानातून आणल्यावर एकदा आणि बसवण्याच्या लगेच आधी एकदा घ्या. कुंकळ्ळीपर्यंत टेम्पोत हादरे खात आलेलं व्हील दुकानात चांगलं वाजलं होतं, याला अर्थ नाही.

व्हील बसवण्याची बरोबर पद्धत कोणती?

पेडस्टल किंवा बेंच ग्राइंडरसाठी:

प्लग काढा. फक्त स्विच बंद करून चालणार नाही. उजव्या बाजूचा नट साध्या आट्यांचा, डाव्या बाजूचा उलट्या आट्यांचा असतो. चुकीच्या दिशेला जोर लावून आटे मारू नका.

मग फ्लँज हातात घेऊन बारकाईने बघा. खाऱ्या वाऱ्यात इथे पहिल्या वर्षीच गंजाचा खवला धरतो. फ्लँज मधे खोलगट आणि कडेला सपाट असते, म्हणजे व्हीलला तिची फक्त कडेची गोल पट्टी टेकते. त्या पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढा गंजाचा फोड असला तरी नट आवळल्यावर सगळा दाब त्या एका टोकावर येतो आणि व्हील तिथूनच चिरतं. बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून फ्लँज त्यावर घासा, पुसा, बोट फिरवून खात्री करा. दोन्ही फ्लँज एकाच व्यासाच्या हव्यात, आणि व्यास व्हीलच्या किमान एक तृतीयांश. २०० मिमीच्या व्हीलला म्हणजे निदान ६७ मिमीची. एका बाजूला फ्लँज आणि दुसऱ्या बाजूला साधा वॉशर, ही जोडी हमखास व्हील फोडते.

व्हील स्पिंडलवर हाताने सरकलं पाहिजे. ठोकून बसवायची वेळ आली तर ते चुकीचं व्हील. दोन्ही बाजूंना जाड कागदाचे वॉशर हवेत. बऱ्याच व्हीलवर ते लेबल म्हणून चिकटवलेलेच असतात, ते सोलून काढू नका. नट व्हील घसरणार नाही इतपतच आवळा. पान्याला पाइप लावून आवळलं की तडा जातो. हाताने दोन फेरे फिरवा, कुठे घासत नाही ना बघा. गार्ड लावा.

आता बाजूला उभे राहा, व्हीलच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका आणि पूर्ण एक मिनिट मोकळं चालवा. हँड ग्राइंडरला तीस सेकंद पुरतात, तोंड दुसरीकडे करून. खराब व्हील बरेचदा याच वेळात फुटतं. मशीन थरथरलं तर बंद करा.

गार्ड आणि टूल रेस्टचं अंतर किती?

टूल रेस्ट (काम टेकवायची पट्टी) आणि व्हील यांच्यात जास्तीत जास्त ३ मिमी. वरची जीभ (गार्डच्या तोंडाची सरकती पट्टी) आणि व्हील यांच्यात जास्तीत जास्त ६ मिमी. व्हील झिजतं तसं अंतर वाढतं, म्हणून आठवड्यातून एकदा रेस्ट पुढे सरकवा, पण व्हील थांबलेलं असताना. अंतर वाढलं की काम आत ओढलं जातं, पाचरीसारखं अडकतं, आणि वेग मर्यादेत असूनही व्हील फुटतं. सरळ व्हीलच्या बाजूच्या तोंडावर आणि पातळ कटिंग डिस्कच्या बाजूने घासू नका. आडवा जोर झेलायला ती केलेली नाहीत.

हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरचा वेग कोण ठरवतो?

आतला गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग. बहुतेक हवेचे ग्राइंडर साधारण ६.३ बार दाबासाठी केलेले असतात. गव्हर्नर अडकला किंवा दाब वाढला तर मशीन छापलेल्या वेगाच्या वर जातं. बार्ज दुरुस्तीच्या यार्डात हे जास्त होतं, कारण कॉम्प्रेसरच्या लाइनीत पाणी साचतं आणि गव्हर्नर गंजून चिकटतो. रोज सकाळी टाकीतलं पाणी सोडा, लाइनला पाणी अडवणारा फिल्टर आणि तेल देणारं भांडं लावा, आणि ठरावीक दिवसांनी टॅकोमीटरने मोकळा वेग मोजून वहीत लिहा. दुरुस्तीहून आलेलं मशीन मोजल्याशिवाय कामगाराच्या हातात देऊ नका. गव्हर्नर काढून टाकलेलं मशीन सरळ भंगारात काढा.

जनरेटरवर ग्राइंडर जोरात फिरतो असं वाटतं. खरं आहे का?

असू शकतं. ब्रशच्या मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर वाढतो, तर बेंच ग्राइंडरच्या इंडक्शन मोटरचा फ्रिक्वेन्सीबरोबर. जनरेटर ५० ऐवजी ५३ हर्ट्झ देत असेल तर बेंच ग्राइंडर ६ टक्के जास्त पळेल. जनरेटरचा मीटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर आणून मगच मशीन जोडा.

चिरे आणि लाद्या कापायच्या डायमंड ब्लेडलाही हेच लागू?

वेगाचा नियम तोच: ब्लेडवरचा आरपीएम मशीनपेक्षा कमी नको. ब्लेडवरच्या बाणाची दिशा फिरण्याच्या दिशेशी जुळवा, आणि ब्लेड वाकडं घालून वळण कापू नका. ब्लेड तापून निळं पडलं असेल किंवा दात्यांमधल्या खाचेच्या मुळाशी बारीक तडा असेल तर काढून टाका. लाद्या आणि ग्रॅनाइटची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून कापताना पाणी सोडा, पण ते पाण्यावर चालण्यासाठी केलेल्या मशीनवरच. साध्या हँड ग्राइंडरवर पाणी टाकलं तर शॉक बसेल.

सरफेस ग्राइंडरवर कूलंट बंद करताना काही क्रम आहे का?

आहे. आधी कूलंट (व्हील आणि काम थंड ठेवणारा द्रव) बंद करा, व्हील दोन-तीन मिनिटं मोकळं फिरू द्या, मग थांबवा. भिजलेलं व्हील थांबलं की कूलंट खालच्या अर्ध्यात उतरतो. सकाळी सुरू करताना एक बाजू जड, दुसरी हलकी, आणि पूर्ण वेगाला स्पिंडल हादरू लागतो.

व्हील हातातून पडलं, दिसायला काही झालेलं नाही. वापरू का?

रेझिन डिस्क असेल तर नाही. पडलेल्या मशीनवर बसवलेली डिस्कसुद्धा बदला. व्हिट्रिफाइड असेल तर आवाजाची परीक्षा घ्या, आणि जराही शंका आली तर बाद करा. बाद केलेलं व्हील तसंच कचऱ्यात टाकू नका, हातोडीने फोडून टाका. नाहीतर कुणीतरी ते ‘चांगलं आहे’ म्हणून उचलून पुन्हा बसवतो.

व्हील फुटलं आणि कुणाला लागलं नाही. पुढे काय?

मशीनचा प्लग काढा आणि नवं व्हील लगेच चढवू नका. सगळे तुकडे गोळा करून जमिनीवर जुळवा, मधली रिंग शोधा. भेग भोकापासून निघाली की कडेपासून ते बघा, रिंगवरची तारीख वाचा, लेबलवरचा आरपीएम वाचा. दोन्ही फ्लँजच्या कडा बोटाने तपासा. स्पिंडल वाकला आहे का, गार्ड चेपला आहे का ते बघा. वाकलेला गार्ड ठोकून सरळ न करता नवा घ्या. मग व्हील न लावता टॅकोमीटरने वेग मोजा आणि पाटीवरच्या आकड्याशी ताडा. जुळला नाही तर आधी पुली, गव्हर्नर किंवा इन्व्हर्टर यांतलं काय बदललं ते शोधून काढा. त्याच खोक्यातली उरलेली व्हील तोवर कुलपात ठेवा.